बेवाघपूरचे सत्तारभाई

सत्तारभाई रफूगर नवीन माणसाला त्याचं नाव विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून, सुईच्या नेढ्यातून पाहावं तसं एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत आणि त्याचं जनावर सांगून टाकत. एकदा बँकेतले एक साहेब सिगारेटनं भोक पडलेली पँट घेऊन आले. सत्तारभाईंनी पँट पाहिली, साहेब पाहिले आणि म्हणाले, "घोरपड. परवा या." साहेब पँट हिसकावून चालते झाले. आठव्या दिवशी परत आले ते पँट न घेताच. "घोरपडच काऊन?" एवढंच विचारायला. पुढची नऊ वर्षं ते दर आठवड्याला येत राहिले.

मी गेलो होतो तो वर्दीचा शर्ट घेऊन. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला. तिथे राख इतकी पडते, की दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी उभाच्या उभा चालत घरात येतो. शर्ट कशानं फाटला म्हणून सत्तारभाईंनी विचारलं. खिळ्यानं फाटला होता. पण चंद्रपुरात खिळ्याचं नाव सांगणं म्हणजे स्वतःचा अपमान. मी सांगितलं, राखेच्या बंधाऱ्यावर वाघ आडवा आला, मी सायकलचा पंप त्याच्या नाकात खुपसून दोन दट्टे मारले, वाघ फुगला आणि तरंगत ताडोब्याकडे निघून गेला, जाता जाता नखानं हे एवढं केलं. सत्तारभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फाटलेल्या ठिकाणी बोट घालून म्हणाले, "वाघ राहू दे भाऊ. वाघ सगळ्यायजवळ हाये. पानठेल्यावर चुना मागतला तरी संग एक वाघ देतेत. तू वानर हायेस. बस."

मी बसलो. असा मी बेवाघपूरचा रहिवासी झालो.

बेवाघपूर हे सत्तारभाईंचं गाव. ते कोणत्याही नकाशात नव्हतं. ते एका जाड, लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत होतं. वही भरली की दुसरी निघायची. त्या गावात सगळी जनावरं कपडे घालून राहात, रांगेत उभी राहात, भांडत, एसटीची वाट बघत. फक्त वाघ नव्हता. "वाघ आला का बाकीचे सगळे मुके होतेत," सत्तारभाई म्हणायचे. "मले बाकीच्यायचं ऐकायचं हाये." त्यांचं स्वतःचं जनावर अस्वल. हे अस्वल रेशनचं दुकान चालवायचं आणि साखर मोजताना बोटं चाटायचं, म्हणून साखर रोज वजनात कमी भरायची. त्यांची एक गोष्ट आमच्या कॉलनीत मी किमान चार हजार लोकांना सांगितली असेन. कासवाची शेजारच्या गावी बदली होते. ते त्याच दिवशी, इमानदारीनं, चालत निघतं. पोहोचतं तेव्हा कचेरीत हार-तुरे तयार असतात. कासव म्हणतं, माझं स्वागत इतकं? शिपाई म्हणतो, स्वागत नाही, आज तुम्ही रिटायर होताय. लोक हसायचे. मग गप्प व्हायचे. रिटायर झालेले जास्त वेळ गप्प राहायचे.

वही फिरायची. चंद्रपूर, ऊर्जानगर, मूल, वडसा, गडचिरोली, अहेरी आणि पुन्हा चंद्रपूर. कधी एसटीच्या कंडक्टरच्या हाती, कधी लग्नाला निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत. प्रत्येकाकडे आठ दिवस. पुढच्या पानांवर सत्तारभाईंची नवी गोष्ट असायची आणि मागच्या पानांवर आम्ही वीस-बावीस वाचक आपापल्या जनावराच्या तोंडून लिहायचो. घोरपड तक्रार करायची की तिला खुर्चीला चिकटलेली का दाखवता. वानर, म्हणजे मी, बढाया मारायचो. सत्तारभाई ते सगळं वाचून पुढच्या गोष्टीत घ्यायचे. बाहेरचे लोक आम्हाला शेपटीवाले म्हणायचे. सत्तारभाईंच्या बेगम, जुबेदाबी, चहा ठेवताना म्हणायच्या, "इस घर में आदमी एकही है, वो मैं हूँ."

गावाचे नियम दोन. एक, दुसऱ्याचं जनावर आपण लिहायचं नाही. दोन, ज्याचा मालक तीन फेऱ्या लिहिणार नाही, त्या जनावराला नदीपार पोहोचवायचं. हा दुसरा नियम ससोबामुळे झाला. ससोबा मूल गावच्या एका नर्सबाईंचा. त्यांची बदली झाली, लिहिणं थांबलं, आणि बिनमालकाचा ससा बघून काही वाचकांनी त्याच्याकडून नको ते चाळे करवले. सत्तारभाईंना त्या दिवशी मी पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. ते म्हणाले, "मालक नाई म्हणजे इज्जत नाई का?" तेव्हापासून ठरलं. तिसरी फेरी कोरी गेली की निरोप लिहायचा, तो पाळीपाळीनं एकेकानं. सारं गाव काठापर्यंत जातं, जनावर नावेत बसतं, आणि मग त्याचं नाव वहीत येत नाही. ससोबाचा निरोप खुद्द सत्तारभाईंनी लिहिला. मी तो वाचून रडलो नाही. माझ्या डोळ्यांत राख गेली होती.

आता वडशाचे दौलतभाऊ आणि त्यांचा विलास सांगायला हवेत. दौलतभाऊ धानाच्या गिरणीत दिवाणजी. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत राजे व्हायचे. आवाज असा, की वडशाला 'कोण आहे रे तिकडे' म्हटलं तर ब्रह्मपुरीला कोणीतरी 'मी' म्हणायचं. विलास त्यांचा एकुलता एक मुलगा, त्याच नाटक कंपनीत दिवाबत्ती बघणारा. एका प्रयोगात राजाचं मोठं भाषण चालू असताना मंडपातले सगळे दिवे गेले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दिवे आले तेव्हा राजा रंगमंचावर नव्हता. तो खाली बोर्डाजवळ उभा होता आणि त्यानं मुकुटासकट, अख्ख्या पंचक्रोशीसमोर, तेवीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली होती. चूक विलासची नव्हती, जनरेटरची होती. विलास त्याच आठवड्यात अहेरीला निघून गेला आणि एका दुकानाच्या ओट्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करू लागला.

तिथेच त्याला वही भेटली. सत्तारभाईंनी त्याला त्याच्या पहिल्या पत्रावरूनच ओळखलं: साळिंदर. हिरव्या बॉलपेननं, डावीकडे कललेल्या अक्षरात तो असं काही टोचून लिहायचा, की आम्ही बाकीचे त्याच्यापुढे भजी तळणारे. वर्षभरानं वडशाहून एक नवा वाचक आला, सांबर. लिहिणारे दौलतभाऊ. मुलगा कुठे लिहितो हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की माझ्या पोटात गोष्ट राहात नाही.

पहिल्याच पानावर सांबरानं लिहिलं, "नमस्कार. मी नवीन आहे. शिंगं जड झाली म्हणून खाली आलो." पुढच्या फेरीत त्याखाली हिरव्या शाईत आलं, "जड शिंगंवाल्यानं दारातून वाकून यावं. इथं कोणी प्रजा नाही." बस. बापलेक बोलायला लागले. त्यांनी एकमेकांना बाबा किंवा विलास असं कधी लिहिलं नाही. पाच ओळी सांबराच्या, पाच साळिंदराच्या, त्यातल्या चार शिव्या. दौलतभाऊ वही आली की गिरणीत सुट्टी टाकायचे. "पोट्टा मले झोडपून राह्यला," असं मला ते इतक्या आनंदानं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं मुलगा कलेक्टर झाला.

मग एकदा निरोप लिहिण्याची पाळी विलासवर आली. मूलचे एक मास्तर वही सोडून गेले होते, त्यांचा बगळा नदीपार पोहोचवायचा होता. विलासनं असा निरोप लिहिला, की पाणी पानावरून बोटाला लागावं. शेवटी साळिंदर एकटंच काठावर मागे राहतं आणि विचारतं, "ओ अस्वलभाऊ, पलीकडे काय आहे?" वही चंद्रपूरला आली. सत्तारभाईंनी वाचलं, खूश झाले आणि समासात अस्वलाचं उत्तर लिहून टाकलं: "मले काय विचारतोस? जाऊन पाहा ना."

गंमत होती. आम्ही सगळे हसलो होतो.

त्यानंतर साळिंदराचं पान दोन फेऱ्या कोरं आलं.

तिसऱ्या फेरीत वही अहेरीला असायला हवी होती त्या आठवड्यात मी शर्टाच्या निमित्तानं सत्तारभाईंकडे गेलो. दुपारची वेळ, दुकानात कोणी नाही. वही त्यांच्या मांडीवर. हातात हिरवा बॉलपेन. मान डावीकडे कललेली, कारण अक्षर डावीकडे कलवायचं होतं. मला बघून त्यांनी वही झाकली नाही.

"रफू करून राह्यलो," ते म्हणाले.

"सत्तारभाई, नियम तुमचाच आहे. दुसऱ्याचं जनावर..."

"माहीत हाये मले नियम कोणाचा हाये. बस."

ते अहेरीला जाऊन आले होते. ओटा रिकामा होता. दुकानदार म्हणाला, वर्ष होत आलं, बॅग घेऊन गेला, सिरोंच्याच्या गाडीत बसताना पाहिला; वही आली की मीच पुढे पाठवतो. सत्तारभाई त्याच पावली सिरोंच्याला गेले. त्या रस्त्यावर तेव्हा माणूस बसमध्ये तरुण चढायचा आणि म्हातारा उतरायचा. नदीच्या घाटावर नावाडी म्हणाला, असा एक पोरगा गेला खरा पलीकडे, आंध्रात. परतला नाही. आला असता तर माझ्याच नावेतून आला असता.

"पैलतीर दिसते तिथून," सत्तारभाई म्हणाले. "झाडं हायेत. मकान हायेत. कोणी कपडे धुऊन राह्यलं होतं. मी तासभर हाका मारल्या भाऊ. विलास म्हणून मारल्या. मंग साळिंदर म्हणून मारल्या. लोक पाहून राह्यले होते."

"तो कामाला गेला असेल. हैदराबादला वगैरे."

"असंन." मग वही उघडून त्यांनी ते समासातलं उत्तर माझ्यापुढे धरलं. "पण त्यानं इचारलं होतं, अन् मी म्हटलं जाऊन पाहा. मायाच हातचं अक्षर हाये. आता तिसरी फेरी हाये. पान कोरं गेलं तर वडशाचा म्हातारा आपल्या हातानं पोराले नदीपार लिवंन? पाळी त्याचीच येते. मले सांग, लिवंन तो?"

मी अख्ख्या जिल्ह्यातला नामांकित थापाड्या. पण त्या दिवशी मला एकही थाप सुचली नाही. मी फक्त म्हणालो, "हिरवी शाई जरा फिकी आहे."

"उन्हात ठेवतो," ते म्हणाले.

चार वर्षं सत्तारभाईंनी साळिंदर चालवलं. वही अहेरीला जायची ती आता चंद्रपुरातल्या एका ट्रंकेत आठ दिवस राहायची आणि बाहेर यायची. रफू म्हणून काम अस्सल होतं. अक्षर, शाई, पानाच्या कोपऱ्यात विलास काढायचा तो काटा, सगळं. पण साळिंदर गोड होत चाललं होतं. सांबराला म्हणायचं, थंडीत शाल घेत जा. म्हणायचं, गुडघे कसे आहेत? मी एकदा बोललो. "सत्तारभाई, याला दोन शिव्या तरी घालू द्या. हे काय साळिंदर आहे? याचे काटे काढून कोणी स्वेटर विणलाय."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "बापाले शिव्या मायाच्यानं लिवनं नाई होत. एकदा दिल्या होत्या खऱ्या बापाले, तोंडानं. तो तसाच गेला."

त्यांचं नवी गोष्ट लिहिणं हळूहळू बंद झालं. अस्वलाचं दुकान उघडायचं, पण आत कोणी बोलायचं नाही. पूर्वी सत्तारभाई लिहिताना मोठ्यानं हसायचे, आता मधेच थांबून कान द्यायचे. जुबेदाबी मला दारातच गाठून म्हणाल्या, "तुम उनसे बात करो. ये आदमी दिनभर किसी को पूछते रहता है, तू कुठी हायेस, तू कुठी हायेस. मैं समझी मेरे को पूछ रहे. मैं बोली, यहीं हूँ, चूल्हे के पास. बोले, तू नहीं." मी सत्तारभाईंना विचारलं. ते म्हणाले, "साळिंदराले इचारतो. लिवाले बसलो का तो येते. बोलते बी. हाल-हवाल सांगते. पण जिता हाये का मेला, तेवढं सांगत नाई." हे ते अगदी साधेपणानं बोलले, गिऱ्हाइकाचं कापड कुठे विरलं आहे ते सांगावं तसं. मी त्या दिवशी ऊर्जानगरची कंपनीची बस सोडून चालत घरी गेलो. वाटेत झुडपात काही खसफसलं. इतर वेळी मी त्याचा वाघ केला असता. मी थांबून विचारलं, "विलास?" उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

सत्तारभाई पावसाळ्यानंतर गेले. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणाले, "वही फिरत ठेव." साळिंदराचं काही बोलले नाहीत. मला वाटलं, बोलतील. मी वाट बघत बसलो, आणि ते गेले.

कब्रस्तानात आमची सगळी जनावरं आली होती. घोरपड साहेब बाहेर फुटपाथवर बसून रडले. दौलतभाऊ वडशाहून आले, मूठभर माती टाकली, आणि परत जाताना फक्त एवढंच बोलले, "वही थांबवू नोका."

मी थांबवली नाही. अस्वलाची जागा कोरी ठेवून फेरी सोडली. साळिंदराची जागाही कोरी राहील, हे मला ठाऊक होतं. मी ट्रंकेतला हिरवा पेन घेऊन दोनदा बसलोही. पण ज्या हातानं पंप मारून वाघ फुगवला, त्या हातातून एका मुलाचा एक शब्द निघेना.

वही परत आली. मागच्या पानावर साळिंदर होतं.

निळी शाई. गिरणीतल्या दिवाणजीचं सरळ, टपोरं अक्षर. लपवायचा प्रयत्नसुद्धा नव्हता. "ए म्हाताऱ्या, गुडघे दुखतात तर नाचतोस कशाले? मुकुट काढ आधी, मंग बोल. लोकायसमोर मारलंस, आता लोकायसमोर माफी माग." आणि त्याखाली, त्याच शाईत, त्याच अक्षरात सांबराचं उत्तर: "मागतो."

मी पहिल्या गाडीनं वडशाला गेलो. दौलतभाऊ गिरणीत तांदळाचा नमुना तळहातावर घेऊन दाणा दाणा बघत होते.

"दौलतभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच पानाले. मायाच्या पोट्ट्यानं जन्मात मायी तब्येत नाई इचारली, अन् साळिंदर गुडघे इचारून राह्यलं."

"मग चार वर्षं उत्तरं कशाला दिली?"

"सत्तारभाऊ एवढी मेहनत करून राह्यले होते. त्यायले कसं सांगू, का तुमचा रफू दिसते म्हणून?" त्यांनी तळहातावरचे तांदूळ पुन्हा पोत्यात सोडले. "अन् बंद केलं असतं तर तिसरी फेरी आली असती."

"आता तुम्हीच लिहिणार?"

"मीच लिवणार. त्यायच्यापेक्षा मले जमते. त्यायले मायी चीड नाई येत होती. विलासले येते." आणि मग तो ब्रह्मपुरीपर्यंत जाणारा आवाज अगदी आम्हा दोघांत मावेल एवढा करून म्हणाले, "पण भाऊ, वही आली पाहिजे. वहीबिगर तो येत नाई. कोऱ्या कागदावर मी करून पाह्यलं. नाई येत."

पुढच्या फेरीतही अस्वलाचं पान कोरं गेलं. मग तिसरी फेरी माझ्या पाळीला येऊन उभी राहिली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. वही माझ्या कपाटात, वर्दीच्या शर्टांखाली. नियमानं मी सत्तारभाईंना नावेत बसवायचं होतं, आणि मी ठरवून टाकलं होतं की बसवणार नाही. वही माझ्याकडेच राहिली तर तिसरी फेरी पुरी होत नाही, आणि अस्वल दुकानात बसून राहतं. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी थाप मी कोणालाही न सांगता मारत होतो. दार उघडं दिसलं की वाटायचं, कोणीतरी आत बोटं चाटतंय. बायकोनं कपाटापुढे कापूर जाळला.

महिन्यानं वडशाहून पोस्टकार्ड आलं. दोनच शब्द. "पोट्टा थांबलाय."

मी त्या सकाळी कामावर गेलो नाही. वही काढली आणि वानराच्या नावानं लिहायला बसलो. ससोबासारखा निरोप मला जमणारा नव्हता. विलासनं बगळ्याचा लिहिला तसा तर नाहीच. सारं गाव काठापर्यंत आलं असं लिहिलं. अस्वलानं दुकानाची किल्ली घोरपडीच्या हातात दिली असं लिहिलं. मग ते नावेत बसलं. तिथे मी थांबलो, कारण मला माझ्याच खोलीत कोणीतरी श्वास घेताना ऐकू येत होतं, आणि या वाक्यात थाप नाही. मी लिहिलं: "नाव गेली. पलीकडे काय आहे ते आम्हा कोणाला माहीत नाही, आणि कोणी बघायला जाऊ नये. सांबरानं काठावर बसावं. त्याला सोबत आहे."

खाली सही केली. वही पिशवीत घातली, आणि म्हातारा वाट बघत होता म्हणून वडशाची गाडी पकडली.